डावऱ्याची पात

माणसं पाच आणि पाती सहा, असा त्या वर्षी गहू कापायचा मेळ होता. बांधाकडची सहावी पात उभी ठेवून बाकीच्या पाच पुढं सरकत, आणि सगळं उरकल्यावर कुणीतरी मागं येऊन ती एकट्यानं कापी. सलग तिसरं वर्ष हे असं चाललं होतं. बांधाकडून धरायला काही अडचण होती असं नाही. पण ती पात जोतीरामाची होती आणि तिथं उभं राहायला कुणाचं मन होत नसे.

जोतीराम डावरा. ओळीत सगळे उजव्या हातानं विळा ओढत असताना मध्ये एक डावरा आला, की कोपराला कोपर लागतं, विळ्याला विळा भिडतो. म्हणून मिसरूड फुटल्यापासून त्याला कडेला ठेवलेलं. त्याचा विळाही वेगळा. साध्या विळ्याचे दाते पात्याच्या एकाच अंगाला कोरलेले असतात, याचे गुंडा लोहारानं उलट्या अंगाला कोरून दिले होते. तो विळा उजव्या हातात धरला तर धाटावरून नुसता घसरायचा. एकेक मूठ कापली की विळ्याची पाठ पोटरीवर दोनदा आपटायची जोतीरामाची खोड. घरातल्या मेढीच्या खांबाला तो विळा टांगलेला होता. जोतीरामाची बायको साळू सारवताना त्याच्याखालून वाकून जात असे.

"पळसाची पानं कुठं घावायची आता?" थोरला दीर बाळासो कंबर सरळ करत म्हणाला. "डोंगरभर नुसती फुलं लागल्यात. भटजी म्हणतोय तीनशेसाठ लागतील, एक कमी न्हाई."

"वाळल्या पत्रावळी चालत्यात का इचारा की," जाऊबाई म्हणाली.

"जेवायची पत्रावळ अन् माणसाचा पुतळा, येकच का गं?"

 साळूनं मूठ भरली, कापली, मागं टाकली. बोलणं तिच्याबद्दल होतं, पण तिच्याशी नव्हतं. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी घराची रीत. सहा वर्षांत बाळासो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तिच्यासाठी जे असेल ते आईला सांगायचा किंवा बायकोला, आणि ती ऐकत असायची.

जोतीराम पलटणीत गेला तो इटलीत. त्रेचाळीसच्या मार्गशीर्षात तिथल्या कुठल्याशा नदीकाठी तो बेपत्ता झाल्याचा कागद आला. पुढं लढाई संपली, आसपासच्या गावचे लोक ट्रंका घेऊन घरी आले, आणि या माघात दुसरा कागद आला. तो वाचून घ्यायला साळू सासूला घेऊन शाळेत गेली होती. गुरवमास्तरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "मृत समजावे, असं आहे."

"समजावं म्हंजे?"

"म्हणजे तसं धरून चालायचं."

"मेल्यात का न्हाईत?"

मास्तरांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. "कागद तेवढं सांगत नाही, बाई."

भटजींनी मात्र त्याच कागदावरच्या तारखेची तिथी काढली. वैशाखात बाळासोच्या पोरीचं लग्न होतं. घरातलं माणूस असं ना इकडं ना तिकडं असताना मांडव घालता येत नाही, तेव्हा फाल्गुनाच्या अवसेला पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचं, बारा दिवस धरायचे आणि मोकळं व्हायचं, असं ठरलं. साळूला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर काय सांगावं हे तिलाही ठाऊक नव्हतं. कपाळाचं कुंकू जाणार, याचं दुःख तिला होई, पण पुरतं होत नसे. अर्ध्यात थांबे. नक्की काय झालंय ते एकदा कळावं, एवढंच तिला वाटे.

अवसेला आठ दिवस असताना शाळेत शिनिमा आला.

लढाईचा इतिहास मुलांना डोळ्यांनी दिसावा म्हणून सरकारनं छोट्या छोट्या फिती काढल्या होत्या, त्या शाळाशाळांतून फिरत होत्या. रहिमतपूरचा चांदसाहेब एका खटाऱ्यात यंत्र, मोटारीची बॅटरी आणि डब्यात घातलेली फीत घेऊन आला. ज्यांच्या घरचं कुणी लढाईवर होतं त्यांनीही यावं, असं मास्तरांनी मुलांबरोबर सांगून पाठवलं. दुपारची वेळ. खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या, त्यामुळं वर्गात मेंढरांच्या वाड्यासारखा वास दाटला होता. मास्तरांची दोन धोतरं मधोमध शिवून भिंतीवर ताणलेली. साळू सासूला, अंबूबाईला, धरून मागच्या भिंतीशी उभी राहिली. अंबूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला पडद्यावर फक्त उजेड हललेला कळायचा.

चांदसाहेबानं हातानं दांडा फिरवायला सुरुवात केली. फितीचं सुरुवातीचं टोक फाटून गेलेलं, त्यामुळं नाव-गाव काही न येता एकदम समुद्रच आला. मग बुटासारखा एक नकाशा. मग माणसं. आवाज नव्हता. इंग्रजी पुस्तिका बघून मास्तर सांगत होते, पण एका हातात कंदील, एका हातात पुस्तिका, आणि इंग्रजीचं मराठी करेपर्यंत चित्र पुढं निघून जाई. ते म्हणाले, "हे शत्रूचे रणगाडे," तेव्हा पडद्यावर दोन नर्सा कपडे वाळत घालत होत्या. वर्ग हसला.

"गुरुजी, ही फौज आपली का सरकारची?" पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

मास्तर थांबले. याच वर्गातल्या काही पोरांचे बाप पलटणीत होते, काहींचे चुलते बेचाळीसला तुरुंगात गेले होते, आणि एक-दोन घरांत दोन्ही होते.

"आपल्या गावाकडची माणसं आहेत," ते म्हणाले. "पुढं बघा."

साळूला सारं तुटक दिसत होतं. माणसं डोंगरावर असत आणि चालल्यावाचून नदीवर पोचत. तोफ मागं सरे, धूर निघे, पण कानाला दांड्याची खरखर तेवढी. आणि एकाएकी पडद्यावर गहू आला. पिकून वाळलेला, वाऱ्यावर झुलणारा, कंबरेपर्यंतचा गहू. तिथल्या शेतकऱ्यांना कापणीला मदत करणारे आपले जवान, असं मास्तर यावेळी मात्र वेळेवर म्हणाले. तिघे-चौघे पेंढ्या वाहत होते. एकच जण कापत होता, बाह्या वर सारून, पाठमोरा. त्यानं डाव्या हातानं विळा ओढला. मूठ कापली आणि विळ्याची पाठ पोटरीवर दोनदा आपटली.

साळूचा हात सासूच्या दंडावर घट्ट झाला.

"काय गं?"

तो वळू लागला, पण वळताना चेहरा नेमका दोन धोतरांच्या शिवणीवर आला आणि मधोमध दुमडला. तेवढ्यात गहू गेला, मोटारींची रांग आली.

"आत्याबाई," साळू म्हणाली, "डाव्या हातानं कापत हुते."

अंबूबाई पडद्यावरच्या उजेडाकडं तोंड करून उभी होती. "कुटं हाय? आता कुटं गेला?"

"गेलं ते. पुढं गेलं."

"आगं मग हाक मार की त्याला."

घरी आल्यावर बाळासोनं सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाला, "शिनिमात काय, मेलेलीबी हिंडत्यात. त्यो तवाचा आसंल."

"तवाचा म्हंजे कवाचा?" अंबूबाई म्हणाली. "आज दुपारी हिनं बघितलाय."

"आये, फोटू काय आज काढलाय व्हय?"

"मग हालत कसा हुता?"

 बाळासो कागद घेऊन शाळेत गेला आणि दिवे लागायच्या आत परत आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मास्तरांनी पुस्तिकेत पाहून सांगितलं होतं, की गव्हाचा तुकडा चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यातला. तिकडं गहू आखाडात निघतो. कागदावर जोतीराम बेपत्ता झाला तो आदल्या मार्गशीर्षात.

"मंजे बेपत्ता झाल्यावर सात म्हयन्यांनी त्यो गहू कापतूय," बाळासो सावकाश म्हणाला. तो मेढीला टेकून बसला. वर विळा टांगलेला होता. "आये, तिला इचार, डाव्याच हातानं का? नक्की?"

अंबूबाईनं विचारायची गरज नव्हती. साळू चुलीपाशी बसली होती. "डाव्याच," ती भाकरीकडं बघत म्हणाली.

"पोटरीवर आपटायची खोड काय, लय जणांना आस्तीया. पर डावरा…"  दुसऱ्या दिवशी तो पानं शोधायला गेला नाही. भटजींना सांगितलं, जरा थांबा. भटजी म्हणाले, थांबतो, पण अवस थांबणार नाही.

ते तीन दिवस साळूला कसे गेले ते सांगता यायचं नाही. ती गहू कापत होती. मूठ धरायची, ओढायची, टाकायची. माणूस जिवंत असेल तर मग पत्र का नाही? लढाई संपून वर्ष होत आलं, मग तो अजून तिथंच गहू कापत बसलाय का? त्याला तिथं कुणी ठेवून घेतलंय का? का तो खरंच तवाचा आहे आणि नंतर आणखी कुठं गेला? एकेका मुठीला एकेक विचार यायचा आणि पुढच्या मुठीला मोडायचा. दुपारी भाकरी खाताना तिनं आपला डावा हात बघितला. त्या हाताला काहीच करता येत नव्हतं, नुसतं धरता येत होतं.

चौथ्या दिवशी मास्तरांनी बोलावणं पाठवलं. चांदसाहेब शेजारच्या गावाहून परतताना पुन्हा आला होता. साळू एकटीच गेली. सासूला चालणं झेपणार नव्हतं, आणि बाळासो तिच्याबरोबर रस्त्यानं चालला नसता.

वर्ग सुटलेला. मास्तरांनी टेबलावर पाट्यांची चळत मांडली होती. त्यांचा चेहरा अपराध्यासारखा दिसत होता.

"बाई, हे बघा. परवा सिनेमा झाल्यावर मी मुलांना इटलीचा नकाशा काढायला सांगितला. बुटासारखा देश आहे तो. चाळीस पाट्यांत चाळीस बूट, आणि सगळ्यांचे चवडे उजवीकडं." त्यांनी एकामागून एक पाट्या दाखवल्या. मग भिंतीवरचा मोठा नकाशा दाखवला. "हा बघा खरा. चवडा डावीकडं. एक मूल चुकलं तर चूक म्हणतो मी. चाळीस मुलं एकसारखी चुकली, मग ती चुकलेली नाहीत."

साळूला नकाशा कळत नव्हता. पण उजवं-डावं कळत होतं. 

"तुम्हीच सांगा चांदसाहेब," मास्तर म्हणाले.

चांदसाहेब यंत्र पुसत होता. "चूक आमच्याकडनं झाली, भाभी. मागच्या गावात पोरानं फीत गुंडाळली ती पालथी. ह्या फितीला दोन्ही कडांना भोकं हाईत. सुलटी घाला, पालथी घाला, चाकाचं दात धरत्यातच. पडद्यावर समदं तसंच दिसतं, नुसतं हिकडचं तिकडं. आरशात दिसतं तसं."

"समदं?"

"समदं."

ती खिडकीशी गेली आणि घोंगडीचं टोक हातात धरून उभी राहिली.  मग तिनं स्वतःच घोंगडी खिळ्याला लावली. "दावा," ती म्हणाली.

चांदसाहेबानं फीत सुलटी भरली. समुद्र आला. बूट आला, चवडा डावीकडं. तोफा, धूर, नर्सा. यावेळी मास्तर काही सांगत नव्हते. गहू आला. वारा आता दुसऱ्या अंगानं वाहत होता. पाठमोरा माणूस वाकला आणि त्यानं उजव्या हातानं विळा ओढला. मूठ कापली. विळ्याची पाठ पोटरीवर दोनदा आपटली.

साळूनं श्वास सोडला. मग ते नव्हतेच, असं तिनं मनाशी म्हटलं. आणि तेवढ्यात, त्या माणसानं दुसरी मूठ धरली तेव्हा, तिला वेगळंच आठवलं.

बेचाळीसला जोतीराम रजेवर आला होता. अंगणात बसून दोरखंड वळत होता आणि ती समोर कोंबड्यांना दाणे टाकत होती. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर, पेरांच्या वर, काळे आडवे वण होते. तिनं विचारलं तेव्हा तो हसला. पलटणीत डावा चालत न्हाई, म्हणाला. बंदूक उजव्याच खांद्याला. छड्या मारमारून उजवा केला मला. आता दोन्ही चालत्यात, तिथं उजवा, हितं डावा. आईला सांगू नको. ती म्हणंल, सायबानं पोराचा हात काढून घेतला.

तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि परदेशात त्याच्या हातात विळा दिला असेल तर तो साधा, उजव्या हाताचा विळाच असणार. तिथं गुंडा लोहार कुठला आला.

पडद्यावर तो वळू लागला. यावेळी चेहरा शिवणीच्या जरा अलीकडं आला. मिशी होती. ऊन डोळ्यांवर येत असल्यामुळं डोळे बारीक केलेले. जोतीरामाला मिशी नव्हती, पण सात महिन्यांत मिशी येते. नाक त्याचं वाटलं, मग वाटलं नाही. चार वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा तिनं मनात आणायचा प्रयत्न केला, तर तिथंही हाच मिशीवाला येऊन बसला, आणि मूळचा कुठला ते तिला कळेना. मोटारींची रांग आली.

"पुन्हा लावू?" चांदसाहेब म्हणाला.

"आता पालथी लावा."

त्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. फीत पालथी झाली, गहू पुन्हा आला, माणूस डाव्या हातानं कापू लागला. तोच गहू, तीच पाठ, दोन्हीकडं तेवढाच खरा. तिनं डोळे मिटून घेतले आणि खरखर ऐकत राहिली.

"बाई," मास्तर तिला पायरीपर्यंत सोडायला आले. "मी मुलांना सांगितलं होतं, डोळ्यांनी बघितलेलं विसरू नका. आता त्यांना काय सांगू तेच मला कळत नाही."

"नकाशा सुदरून घ्या गुरुजी," ती म्हणाली. "तेवढं तरी व्हईल."

घरी सगळे वाट बघत होते. ओसरीवर भटजी बसलेले, त्यांच्या पुढं पाण्याचा तांब्या. बाळासोनं सकाळीच माणसं लावून खालच्या ओढ्याकडून पळसाची पानं आणवली होती. थंड जागेला अजून थोडी हिरवी टिकून होती. पोत्यावर ती पसरलेली, शंभराच्या तीन चळती आणि एक लहान. फीत पालथी होती ही बातमी सकाळीच शाळेतून बाळासोकडं पोचली होती, साळूच्या आधी.

अंबूबाईनं हात पुढं केला, साळू तिच्याजवळ बसली.

"आये, इचार तिला," बाळासो खांबाकडं बघत म्हणाला. "सुलटं लावल्यावर कुठल्या हातानं कापत हुता?"

"उजव्या," साळू म्हणाली.

बाळासोनं मान खाली घातली. अंबूबाईच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. भटजींनी जानवं सारखं केलं आणि म्हणाले, "मग प्रश्न मिटला. अवसेला सकाळी घेऊ."

मिटला होता. तिनं नुसतं गप्प बसायचं होतं. बारा दिवस गेले असते, वैशाखात मांडव पडला असता, आणि कागदावर 'समजावे' होतं ते घरानं समजून घेतलं असतं. साळूनं त्या लहान चळतीकडं पाहिलं. वरच्या पानाला अळीनं भोकं पाडली होती.

"पर त्ये उजव्यानंबी कापायचे," ती म्हणाली.

"कोण?"

"ह्येच. पलटणीत हात बदलला हुता. बोटांवर मारून. तुमाला सांगू नको म्हणलं हुतं, आत्याबाई."

अंबूबाईनं तिचा हात सोडला नाही. तिनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्याची बोटं एकेक करून चाचपली, जशी काही त्यावरच वण असावेत.

"मंजे त्योच का मग?" बाळासोचा आवाज चढला. "आये, नीट सांग म्हणावं. त्योच का न्हाई?"

"मला कळलं न्हाई," साळू म्हणाली.

"न्हाई म्हंजे?"

"तीनदा बघितलं. मला कळलं न्हाई."

 भटजींनी हळू आवाजात बाळासोला सांगितलं, की त्याची बायकोच जर असं म्हणत असेल तर आपण अग्नी देणार नाही. माणूस असेल तर ते पाप कुणी घ्यायचं. ते उठले, चपला घातल्या आणि गेले. जाऊबाई आत जाऊन भांडी आपटू लागली. आपल्या पोरीचं लगीन आता मामाच्या दारात करायचं का, असं ती भिंतीला विचारत होती.  बाळासो पोत्याची चार टोकं धरून पानं गोळा करत होता. शेवटी ती शेळ्यांपुढं टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळू निघताना मेढीपाशी थांबली. हात वर करून तिनं तो विळा काढला. मुठीचं लाकूड धुरानं काळं पडलेलं.

शेतात पोचली तेव्हा बाकीचे ओळीला लागले होते. ती आपल्या नेहमीच्या जागी, मधोमध, जाऊबाईशेजारी उभी राहिली आणि विळा डाव्या हातात धरला. उजव्या हातानं मूठ पकडली. हाताला ते पटेना. पहिली चार धाटं निसटली, पाचव्याला विळा बोटाला लागून रक्ताचा थेंब आला. तिनं बोट तोंडात घातलं आणि पुन्हा वाकली. यावेळी दात्यांनी धाट धरलं. कोपर मागं गेलं ते थेट जाऊबाईच्या कोपरावर.

"आगं, नीट की," जाऊबाई म्हणाली.

पुन्हा तसंच झालं. ओळ अडली. एक गडी हसला आणि बाळासोकडं बघून लगेच कापू लागला.

बाळासो दोन पाती पलीकडं होता. तो सरळ झाला. त्यानं आईला शोधल्यासारखं इकडंतिकडं पाहिलं, पण आई घरी होती. बायकोकडं पाहिलं, ती आपलं कोपर चोळत होती. मग तो पुन्हा वाकला, मूठ धरली, आणि गव्हातच तोंड ठेवून म्हणाला,

"डावरं हाय त्ये. बांधाच्या कडंनं धर."

सहा वर्षांत पहिल्यांदा. साळूनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, ओळीच्या मागून गेली आणि सहाव्या पातीला उभी राहिली.